४५ सेकंदांचे उड्डाण ७४ सेकंदांच्या वर कसे?

गेल्या हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या एका गायरानावर शाळकरी मुलामुलींची ग्लायडर स्पर्धा झाली. तिथे स्टॉपवॉच धरून वेळ मोजण्याचे काम माझ्याकडे होते. संध्याकाळी पहिल्या फेरीचे गुण फळ्यावर लिहून झाले, तेव्हा एका आठवीतल्या मुलाचे वडील हातात कागद घेऊन आले आणि म्हणाले, "सर, माह्या पोराचं इमान चौऱ्याहत्तर सेकंद उडालं अन् त्या पोरीचं पंचेचाळीस. मंग ते वर कशी?" मी घाईत 'नॉर्मलायझेशन' हा शब्द उच्चारला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांचा पुतण्या तलाठी भरतीच्या परीक्षेला बसला होता, आणि हा शब्द त्यांच्या घरात चांगल्या आठवणीने घेतला जात नव्हता.

त्यांचे बरोबरच होते. २०२३ च्या तलाठी भरतीच्या निकालात २०० पैकी २१४ गुण मिळालेला उमेदवार दिसला, तेव्हापासून विदर्भातल्या प्रत्येक अभ्यासिकेत या शब्दाबद्दल संशय आहे. परीक्षा अनेक सत्रांत झाली, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी होती आणि तिची काठिण्यपातळीही सारखी नव्हती. त्यामुळे सगळ्यांचे गुण एका मापावर आणण्यासाठी गणित करावे लागले, हे कारण खरे आहे. परंतु ते गणित सामान्य माणसाला कोणी बसवून समजावले नाही. ग्लायडरच्या गुणपद्धतीतही असेच एक गणित आहे. त्या वडिलांना मी गायरानावर जे नीट सांगू शकलो नाही, ते इथे मुळापासून सांगतो.

ग्लायडर हवेत टिकते कशाच्या जोरावर

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. आपल्याकडची मुले थर्माकोल आणि बाल्सा या हलक्या लाकडापासून ते तयार करतात आणि हाताने फेकतात, किंवा लांब दोरीने पतंगासारखे वर ओढून दोरी सोडवतात. एकदा सुटल्यावर ते सतत खालीच येत असते. फरक फक्त किती सावकाश येते एवढाच. ३० मीटर उंचीवर सुटलेले आणि सेकंदाला अर्धा मीटर खाली येणारे विमान स्थिर हवेत ६० सेकंदांत जमिनीला लागेल. पंख किती हलका आणि सरळ बनवला आहे, वजनाचा तोल कुठे साधला आहे आणि फेक किती स्वच्छ आहे, यावर हे ६० सेकंद ठरतात.

पण हवा स्वतःच वर चढत असेल तर हा हिशेब मोडतो. आपली काळी, कोरडी, नांगरलेली जमीन उन्हाने लवकर तापते आणि शेजारचे ओलिताचे हरभऱ्याचे वावर किंवा संत्र्याची बाग त्या मानाने थंड राहते. तापलेल्या जमिनीवरून उबदार हवेचा जो स्तंभ वर उठतो त्याला थर्मल म्हणतात. धूळ आणि पालापाचोळा घेऊन फिरणारी वावटळ हे त्याचेच डोळ्यांना दिसणारे रूप आहे, आणि पंख न हलवता गोल गोल वर चढणारी घार ही त्याची सर्वांत विश्वासू खूण आहे. सेकंदाला एक मीटर चढणाऱ्या हवेत अर्धा मीटर खाली येणारे विमान सापडले, तर ते खाली येण्याऐवजी वरच जाऊ लागते.

आता हिवाळ्यातला दिवस डोळ्यांपुढे आणावा. रात्रभर जमीन थंड झालेली असते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होऊन बसलेली असते, आणि सकाळी नऊ वाजता गायरानावर हवा निपचित असते. साडेअकराला त्याच जागेवर घारी फिरू लागतात. नऊ वाजता उडालेली मुलगी आणि साडेअकराला उडालेला मुलगा एकाच मैदानावर होते, पण एकाच हवेत नव्हते.

नुसते सेकंद का चालत नाहीत

आपल्याकडच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, घड्याळावर निकाल लागतो आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते, कारण सकाळची जोडी आणि दुपारची जोडी त्याच दाणीवरून, म्हणजे धावपट्टीवरून, तेवढेच अंतर धावते. बैल थकलेले असतील, ऊन वाढलेले असेल, तरी दाण कोणासाठी आखूड होत नाही. ग्लायडरचे मैदान मात्र दर अर्ध्या तासाला बदलते. इथे कच्चे सेकंद मोजणे म्हणजे एका जोडीला उतारावर आणि दुसरीला चढावर पळवून दोघींची वेळ एकाच वहीत लिहिण्यासारखे आहे.

म्हणून जगभरच्या ग्लायडर स्पर्धांत एक उपाय रूढ झाला. १९०५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या नियमांतही, रेडिओने चालवायच्या हातफेकीच्या ग्लायडरपासून विजेच्या मोटरने वर जाणाऱ्या ग्लायडरपर्यंत, तो दिसतो. स्पर्धकांचे लहान गट पाडायचे, एका गटाने ठरलेल्या दहा मिनिटांच्या आतच उडायचे, आणि प्रत्येकाची तुलना फक्त त्याच्या गटातल्या सर्वोत्तम उड्डाणाशी करायची. गटातल्या पहिल्याला १००० गुण मिळतात आणि बाकीच्यांना त्याच प्रमाणात.

शेतकऱ्याला हा हिशेब अनोळखी नाही. आपली आणेवारी, म्हणजे आजची पैसेवारी, याच विचारावर उभी आहे. यंदा एकरी किती क्विंटल झाले एवढ्याने तिच्यात पिकाची स्थिती ठरत नाही. त्या भागात प्रमाण मानलेले उत्पन्न म्हणजे एक रुपया धरून त्या तुलनेत किती झाले हे पाहतात, आणि ते ५० पैशांच्या खाली गेले की टंचाई मानण्याची जुनी रीत आहे. धानाच्या भंडाऱ्याला आणि कापसाच्या यवतमाळला एकच क्विंटलाचे माप लावले तर अन्याय होईल, हे आपण सहज मान्य करतो. ग्लायडरमध्ये रुपयाच्या जागी १००० गुण आहेत आणि प्रमाण उत्पन्नाच्या जागी गटातले सर्वोत्तम उड्डाण आहे.

त्या वडिलांच्या मुलाचे गणित असे. मुलगी नऊ वाजताच्या गटात होती. तिथले सर्वोत्तम उड्डाण ५८ सेकंदांचे होते आणि तिचे ४५ सेकंदांचे. ४५ ला ५८ ने भागून १००० ने गुणले की ७७६ गुण होतात. मुलगा साडेअकराच्या गटात होता. तिथले सर्वोत्तम उड्डाण १२० सेकंदांचे होते आणि त्याचे ७४ सेकंदांचे, म्हणून त्याला ६१७ गुण मिळाले. मुलीने निपचित हवेतून तीन चतुर्थांशाहून जास्त काढून घेतले होते. मुलाच्या विमानाला वर चढणारी हवा मिळाली, पण तो तिच्यात टिकला नाही आणि त्याच हवेत त्याच्या शेजारचा १२० सेकंद टिकला.

इथेही १००० पैकी १०७० होतील का?

होणार नाहीत. भागाकार गटातल्या सर्वांत मोठ्या आकड्यानेच होत असल्यामुळे १००० च्या वर कोणी जाऊच शकत नाही. पण या शंकेच्या मागे एक खोल शंका आहे आणि तिला उत्तर द्यायलाच हवे: माझ्या गटात तालुक्यातला सर्वांत तरबेज मुलगा आला आणि दुसऱ्या गटात सगळे नवखे असले, तर मी मार खाणार नाही का?

त्या एका फेरीत नक्की खाल. भरती परीक्षेच्या एका सत्रात हजारो उमेदवार असतात, म्हणून सगळ्या सत्रांतली सरासरी तयारी साधारण सारखीच असेल असे गृहीत धरता येते. चार मुलांच्या गटाबद्दल असे काहीही गृहीत धरता येत नाही. तरीही ग्लायडरची पद्धत मला भरती परीक्षेपेक्षा जास्त न्याय्य वाटते, कारण परीक्षा एकदाच होते आणि इथे दर फेरीला गट नव्याने पाडले जातात. आज तुमच्या वाट्याला आलेला तरबेज मुलगा पुढच्या फेरीत दुसऱ्याच्या वाट्याला जातो.

मात्र हे आपोआप घडत नाही. बारा स्पर्धक आणि चार-चारचे तीन गट असतील, तर एका फेरीत प्रत्येकाची गाठ तिघांशी पडते. उरलेल्या अकराही जणांशी निदान एकदा गाठ पडायला किमान चार फेऱ्या लागतात, आणि जोड्या पुन्हा पुन्हा जुळत असल्यामुळे प्रत्यक्षात पाच-सहा. म्हणून गटांचा तक्ता स्पर्धेच्या आधी बसून, कोणाची कोणाशी किती वेळा गाठ पडते हे मोजून तयार करावा लागतो. मैदानावर चिठ्ठ्या उचलणे दिसायला निष्पक्ष असते, पण दोघांची चारदा गाठ पडते आणि दुसऱ्या दोघांची एकदाही नाही, असा निकाल त्यातून सहज निघतो. दोनच फेऱ्या घेऊन बक्षिसे वाटणाऱ्या स्पर्धेत तर हे १००० गुणांचे गणित वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकाला थर्मल सापडले आणि तिघे बुडाले

या पद्धतीचे एक खरे दुखणे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. समजा गटात ६०, ५७ आणि ५५ सेकंदांची तीन चांगली उड्डाणे झाली, आणि चौथ्याचे विमान वावटळीच्या वाटेत येऊन १२० सेकंद टिकले. मग बाकी तिघांचे गुण ५००, ४७५ आणि ४५८ होतात. तो चौथा नसता तर त्याच तिघांना १०००, ९५० आणि ९१७ गुण पडले असते. त्यांच्या उड्डाणात तीळभरही फरक पडला नाही, आणि गुण मात्र निम्मे झाले.

यावरचा जुना उपाय म्हणजे कमाल वेळेची मर्यादा. पन्नास मीटर दोरीने वर ओढून मोकळ्या सोडायच्या ग्लायडरच्या जागतिक स्पर्धेत एका उड्डाणाचे साधारणपणे तीन मिनिटेच धरले जातात. विमान त्यापुढे टिकले तरी जास्तीचे सेकंद मिळत नाहीत. वरच्या उदाहरणात मर्यादा ९० सेकंद ठेवली असती तर तिघांना ६६७, ६३३ आणि ६११ मिळाले असते, म्हणजे थर्मलचे बक्षीस राहिले आणि बाकीचे बुडाले नाहीत. मर्यादेचा दुसराही फायदा आहे, की विमान उभ्या तुरीपलीकडे तिसऱ्या धुऱ्यावर जाऊन पडत नाही. पण ती फार खाली आणली तर अर्धी मुले मर्यादेला पोचतात आणि सगळ्यांचे गुण सारखे होतात. दारव्ह्याला १२० ठेवली होती; शाळकरी विमानांसाठी मी पुढच्या हंगामात ९० सुचवणार आहे.

मग पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांकच का मोजू नयेत?

हा प्रश्न नेहमी येतो आणि त्यात तथ्य आहे. क्रमांकाला गुण दिले, म्हणजे पहिल्याला दहा, दुसऱ्याला आठ, तर वावटळीचा अतिरेक आपोआप आवरला जातो आणि हिशेब कोणालाही पाटीवर करता येतो. पण मग एका सेकंदाने हरलेला आणि पन्नास सेकंदांनी हरलेला यांच्यातला फरक पुसला जातो. शिवाय पाच जणांतला पाचवा आणि पंचवीस जणांतला पाचवा यांना सारखेच गुण पडतात, आणि आपल्याकडे तर एका गावी आठ स्पर्धक येतात व दुसऱ्या गावी तीस. नवख्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर ४७५ चे ५२० झाले की त्याला आपली प्रगती दिसते. चौथा क्रमांक चौथाच राहतो आणि तो मुलगा पुढच्या रविवारी येत नाही. मी प्रमाणाच्या बाजूचा आहे, ते मुख्यतः याच कारणाने.

स्पर्धेपासून हंगामापर्यंत

आतापर्यंतचे सगळे एका दिवसाचे झाले. हंगाम म्हणजे अशा अनेक स्पर्धांची बेरीज, आणि बेरजेत नवे प्रश्न उभे राहतात. समजा एका गावी दिवसभर शांत हवा मिळून सहा फेऱ्या झाल्या आणि विजेत्याचे ५७०० गुण झाले; दुसऱ्या गावी वारा सुटल्यामुळे तीनच फेऱ्या होऊन विजेत्याला २९०० मिळाले. हे आकडे तसेच जोडले तर पहिल्या गावच्या स्पर्धेचे वजन दुसरीच्या जवळपास दुप्पट होते. म्हणून तोच भागाकार पुन्हा एकदा करतात: प्रत्येक स्पर्धेच्या विजेत्याला हंगामाच्या खात्यात १००० आणि इतरांना त्या प्रमाणात. तीन फेऱ्या पूर्ण झाल्या नाहीत तर ती स्पर्धा हंगामात धरायचीच नाही, एवढी अट सोबत हवी.

कापूस वेचणीचा रविवार

आपला ग्लायडरचा हंगाम पावसाळा सरल्यावर, सोयाबीन निघून रान मोकळे झाल्यावर सुरू होतो, आणि नेमकी त्याच महिन्यांत कापसाची वेचणी असते. मजूर मिळत नाहीत, घरातले प्रत्येक हात वावरात लागतात, आणि आठवीतली मुलगी रविवारी गायरानावर येण्याऐवजी ओटी बांधून पऱ्हाटीत उभी असते. कधी एसटी रद्द होते, कधी शाळेची परीक्षा येते. हंगामाची गुणपद्धती न्याय्य आहे की नाही हे, माझ्या मते, या मुलीचे काय होते यावरून ठरते.

दोन स्पर्धक घेऊ आणि त्यांना विमानाच्या रंगाने ओळखू. हंगामात सहा स्पर्धा झाल्या. लाल विमानाला ९४०, ९१०, ०, ९६०, ९३०, ९०० असे गुण मिळाले; तिसऱ्या स्पर्धेच्या दिवशी घरी वेचणी होती. पिवळ्या विमानाने एकही स्पर्धा चुकवली नाही आणि ८००, ७९०, ८१०, ७८०, ८००, ८२० मिळवले. सरळ बेरीज केली तर लाल ४६४० आणि पिवळे ४८००, म्हणजे ज्या पाच वेळा दोघे समोरासमोर आले त्या पाचही वेळा हरलेला हंगामाचा विजेता ठरतो. सहापैकी प्रत्येकाच्या उत्तम चार स्पर्धाच धरल्या तर लाल ३७४० आणि पिवळे ३२३० होतात.

वाईट दिवस वगळण्याची ही रीत जुनी आहे आणि तिच्यावरून वादही झाले आहेत. १९८८ च्या फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या हंगामात १६ पैकी उत्तम ११ शर्यतींचेच गुण धरायचे होते. अॅलन प्रोस्टने एकूण १०५ गुण मिळवले आणि आयर्टन सेनाने ९४, पण उत्तम ११ धरल्यावर प्रोस्टचे ८७ आणि सेनाचे ९० राहिले, आणि जगज्जेता सेना ठरला. सेनाने आठ शर्यती जिंकल्या होत्या आणि प्रोस्टने सात. प्रोस्ट मात्र जिंकला नाही तेव्हा बहुतेक वेळा दुसरा आला होता, आणि त्याचे ते सातत्यच वगळले गेले. फॉर्म्युला वनने १९९० नंतर ही रीत सोडून दिली.

मग आपण ती का धरावी? कारण तिथला चालक प्रत्येक शर्यतीला हजर असतो. शर्यत चालवणे हेच त्याचे काम असते. आपल्याकडे गैरहजेरी हा कौशल्याचा भाग नाही, घरच्या परिस्थितीचा आहे. पण वगळायचे किती याला मर्यादा हवी. सहातल्या तीनच धरल्या तर चांगल्या हवेच्या तीन दिवसांवर हंगाम जिंकता येतो. सहा झाल्या तर चार, पाच झाल्या तरी चार, चारच झाल्या तर तीन, आणि तीनहून कमी झाल्या तर हंगामाचा विजेता जाहीर करायचा नाही, असा तक्ता मी सुचवतो. अवकाळी पावसाने एखादी स्पर्धा बुडाली तर काय, याचे उत्तर त्यात आधीच लिहिलेले आहे.

जितक्या खेळल्या तितक्यांची सरासरी का नको?

क्रिकेटच्या जागतिक कसोटी अजिंक्यपदात करोनामुळे मालिका रद्द झाल्या, तेव्हा २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आयसीसीने एकूण गुणांऐवजी मिळवलेल्या गुणांची टक्केवारी धरायला सुरुवात केली. तिथे ते ठीक आहे, कारण मालिका कोणत्या खेळायच्या हे आधी ठरलेले असते आणि नको ती टाळण्याची मोकळीक संघाला नसते. आपल्याकडे सरासरी धरली तर पहिल्याच स्पर्धेत १००० मिळवलेला मुलगा उरलेले पाच रविवार घरी बसूनच हंगाम जिंकेल. उत्तम चार धरण्यात हा दोष नाही; पुढची स्पर्धा उडवून कोणाचेही गुण कमी होत नाहीत, वाढले तर वाढतातच.

यजमान गावातली जी मोठी मुले वेळ मोजण्यात आणि गट लावण्यात अडकतात आणि त्या दिवशी उडवू शकत नाहीत, त्यांना त्या स्पर्धेसाठी त्यांच्या हंगामातल्या इतर धरलेल्या गुणांची सरासरी द्यावी. हे एकदाच, आणि आधी नाव नोंदवले असेल तरच.

टिकण्याखेरीज आणखी काय मोजावे

मोठ्यांच्या स्पर्धांत नुसत्या वेळेला गुण नसतात. विजेच्या मोटरने वर जाणाऱ्या ग्लायडरच्या जागतिक वर्गात प्रत्येक सेकंदाला एक गुण असतो, पण मोटरने जितकी उंची घेतली तिचे गुण वजा होतात: २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा, आणि त्यापुढे दर मीटरला तीन. ६० मीटरवर मोटर बंद करणाऱ्याचे ३० जातात, १८० मीटरपर्यंत जाणाऱ्याचे ९०, आणि २२० मीटरपर्यंत जाणाऱ्याचे १६०. ज्याला खाली राहूनच थर्मल शोधता येते त्याची हिंमत या आकड्यांत मोजली जाते. ठरलेल्या खुणेपासून एक मीटरच्या आत उतरले तर वर ५० गुण, आणि पुढच्या प्रत्येक मीटरला पाच कमी. शाळकरी, मोकळ्या सोडायच्या विमानांना यातले काही लागू नाही, कारण सुटलेले विमान कुठे उतरेल हे मुलाच्या हातात नसते. जे हातात नाही त्याचे गुण देऊ नयेत.

चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी कड्यावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यात कोणी कधी वेगाची स्पर्धा घेतली, तर भागाकार उलटा करावा लागेल. तिथे कमी वेळ लागणारा श्रेष्ठ, म्हणून विजेत्याची वेळ वर आणि आपली खाली.

हरकती राहतातच, त्या कागदावर सोडवाव्यात

हातातल्या स्टॉपवॉचमध्ये बोट दाबायला लागणारा उशीर असतोच, म्हणून सेकंदाच्या दशांशावर कोणालाही हरवू नये. पूर्ण सेकंद धरावेत आणि उरलेला अंश सोडून द्यावा. एका विमानाला दोन जणांनी वेळ लावावी, आणि त्यातला एक दुसऱ्या गावचा असावा. हंगामाच्या शेवटी बरोबरी झाली तर वगळलेल्या गुणांतला सर्वांत मोठा आकडा पाहावा, आणि तरीही सुटली नाही तर दोघांना एकाच हवेत, एकाच वेळी पुन्हा उडवावे.

आणि गुणांच्या फळ्यावर नुसते ७७६ आणि ६१७ लिहू नयेत. स्पर्धकाचे नाव, गट, गट उडाल्याची वेळ, गटातले सर्वोत्तम सेकंद, स्वतःचे सेकंद आणि मग गुण, अशा सहा रकान्यांचा कागद त्याच संध्याकाळी लावावा. पहिल्या स्पर्धेच्या आधी नियमांचे पान प्रत्येक शाळेत पोचवावे, आणि हंगाम सुरू झाल्यावर त्यातली एक ओळही बदलू नये, अगदी ती चुकीची असल्याचे लक्षात आले तरी. ती दुरुस्ती पुढच्या हंगामात करावी. दारव्ह्याला त्या दिवशी आम्ही फक्त गुणांचा रकाना लिहिला होता. त्या वडिलांच्या हातातल्या कागदावर त्यांनी स्वतः टिपलेले सेकंद होते, आणि त्यांचा आकडा माझ्या आकड्याशी सेकंदाला सेकंद जुळत होता.